बाळ-बाळंतीण सुखरूप

पोस्टकार्डाच्या काळात बाळंतपणाची बातमी एका ओळीत यायची. 'बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.' मुलगा की मुलगी तेही त्याच ओळीत, आणि कार्डावर जागा उरली तर पाऊसपाणी, बैलाची खरेदी, मामांचा नमस्कार. ज्या बाईने ती सारी रात्र काढली तिच्या वाट्याला त्या कार्डावर एकच शब्द येई: सुखरूप. याउलट एखादी अडली, एखादी दगावली, की ती हकिगत पन्नास वर्षे पुरते. ती लग्नाच्या मांडवात सांगितली जाते, एस.टी.त सांगितली जाते, आणि विशेष म्हणजे समोर कोणी दोन जिवांची बसलेली असली की हमखास सांगितली जाते. नीट पार पडलेले बाळंतपण हे वेळेवर पोहोचलेल्या गाडीसारखे असते. वाटेत चाक निखळले तरच घरी येऊन सांगण्याजोगे काही घडले, असे माणसांना वाटते.

हे मला उगाच सुचलेले नाही. गेल्या हिवाळ्यात माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती.

आमचे गाव सिद्धेश्वर. औंढा नागनाथ तालुक्यातले, पूर्णा नदीवरच्या धरणाचे. कॉलेजातल्या बऱ्याच जणांना ते सहलीचे ठिकाण म्हणूनच ठाऊक आहे. वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर, अशी ही दोन धरणे १९६८ साली पुरी झाली. आमचा बांध सहा किलोमीटरांहून लांब आहे, आणि संध्याकाळी त्यावरून चालताना एका बाजूला पाणी व दुसऱ्या बाजूला कालव्याखालची हिरवी राने दिसतात, हे सहलीला आलेल्यांनीही पाहिले असेल. १ मे १९९९ पर्यंत आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. म्हणून गावातली जुनी बाई 'तिला जिल्ह्याला नेलं' असे म्हणते तेव्हा तिच्या मनात हिंगोली नसून परभणी असते, आणि परभणी त्या काळी फार लांब होती.

ताई आली तेव्हा हळद काढणीला आली होती. आमच्याकडे हळद म्हणजे दोन महिन्यांचा उद्योग. खणायची, मोडायची, शिजवायची, वाळवायची. मोडायचे काम बायकांचे. दुपारी अंगणात दहा-बारा जणी ढिगाभोवती बसतात, हात पिवळे होतात आणि तोंडे चालू राहतात. ताई त्यांच्यात जाऊन बसे, कारण घरात एकटीने बसून करायचे काय? आणि तिचे पोट पाहिले की एकेकीला आठवण येई. कुणाच्या नणंदेचे पोर आडवे आले होते. कुणाची चुलतबहीण तीन दिवस कळा देत होती. कुणाच्या भावजयीचे रक्त थांबेना आणि बैलगाडी नाल्याच्या पुरात अडकली. सांगणाऱ्या बायका दुष्ट नव्हत्या. उलट ज्या काकू सर्वांत भयंकर गोष्टी सांगत, त्याच ताईसाठी रोज घरून ताक आणत. पण आठ दिवसांत ताईची झोप गेली. रात्री ती उठून बसे आणि मला विचारी, "पोर आडवं असलं तर आपल्याला कळतं का गं?"

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्गात, समाजशास्त्राची विद्यार्थिनी. बाळंतपणाविषयी माझे ज्ञान शून्य. पण मला एक गोष्ट साध्या हिशेबाने खटकली. त्या अंगणात बसलेल्या बारा जणींनी मिळून तीसेक लेकरांना जन्म दिला होता आणि त्या बाराही जणी समोर धडधाकट बसून हळद मोडत होत्या. मग त्या तीस बाळंतपणांची गोष्ट कुणीच का सांगत नाही? सगळ्या गोष्टी नणंदेच्या, चुलतबहिणीच्या, ऐकलेल्या. मी एक दोनशे पानी वही घेतली आणि ठरवले की गावातल्या बायकांना एकच विचारायचे: तुमचे स्वतःचे एखादे बाळंतपण चांगले झाले का, आणि झाले असेल तर ते कसे झाले?

लग्न न झालेल्या पोरीने असले विचारत फिरणे म्हणजे काय, हे गावात राहणाऱ्यांना सांगायला नको. पहिल्या दोन दिवसांत मला 'तुला कशाला नसत्या चौकशा' हे उत्तर चार वेळा मिळाले. बाकीच्या हसत. पण सर्वांत मोठी अडचण निराळीच होती. बायकांना प्रश्नच कळत नव्हता. आमच्या आजीला विचारले तर ती म्हणाली, "त्यात काय सांगायचं माय? झालं लेकरू, लागले कामाला."

आजीकडून ती गोष्ट काढायला मला चार संध्याकाळी लागल्या. ती मी जरा सविस्तर देते, कारण माझ्या वहीतली ती सर्वांत जुनी.

सन १९७२ चा दुष्काळ. आजी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची, पहिलटकरीण. आठवा महिना लागेपर्यंत ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. तिथे सुकडी मिळायची. "तुझा बाप सुकडीवर पोसलेला आहे," असे ती माझ्या वडिलांसमोरच सांगते आणि वडील बाहेर निघून जातात. नववा लागल्यावर तिच्या भावाने तिला माहेरी नेले. दवाखाना दूर, वाहन नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीत एक सुईण होती. तिचा हात बाळंतिणीला चालायचा आणि तिचा पाण्याचा तांब्या मात्र घरातल्या तांब्यांत मिसळायचा नाही. हे सांगताना आजीचा आवाज बदलला नाही. माझ्या पेन्सिलीचे टोक मोडले.

कळा सुरू झाल्या त्या तिन्हीसांजेला. सुईण आली आणि तिने आजीला बाजेवर आडवे होऊ दिले नाही. अंगणात फिरव, उंबऱ्याला टेकव, पुन्हा फिरव. मध्ये जात्यावर बसवले. दळायला दाणे नव्हतेच, रिकामेच जाते. पण ओवी म्हणायला लावली. कळ आली की आवाज चढायचा, कळ ओसरली की ओवी पुरी व्हायची. "ती म्हणायची, ही कळ गेली ती गेली, ती परत येत नसती. येईल ती दुसरी. मोजू नको." पहाटे आढ्याला दोर बांधला, आजीने तो धरला, उकिडवी बसली, मागून आईने काखेत हात घातले. सूर्य उगवायच्या आत बाबा झाले. वार पडेपर्यंत सुईण हलली नाही. मग तिने स्वतः चूल पेटवून पाणी तापवले आणि आजीला न्हाऊ घातले.

"भेव नाही वाटलं?" मी विचारले.

"वाटलं की. पण ती रातभर माझ्यापासून उठली नाही."

हे वाक्य मी तसेच उतरवून घेतले. नंतर वही भरत गेली तसे माझ्या ध्यानात आले, की ज्या ज्या बाईने 'माझं चांगलं झालं' म्हटले तिने कळा कमी होत्या असे म्हटले नाही. कोणीतरी बसून होते असे म्हटले. आईच्या वेळी (ताईचा जन्म, २००१) ती नर्सबाई होती. आईला तिचा चेहरा आठवत नाही, तिचा हात आठवतो, कारण त्या हातावर आईच्या नखांचे वण उठले होते. त्या बाई दर थोड्या वेळाने पुढे काय होणार ते सांगत. आता पाणी जाईल, घाबरू नकोस. आता तुला वाटेल की आपल्याच्याने होत नाही, तसे वाटले की समज आता थोडेच राहिले. "अन् खरंच," आई म्हणाली, "मला तसं वाटलं अन् अर्ध्या तासात ताई झाली."

धरणाकाठच्या भोयांच्या वस्तीत एक बाई भेटली. तिचे तिसरे पोर १०८ च्या गाडीतच झाले. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू झाली हे मी तिला सांगायला गेले, तर ती म्हणाली की मला साल माहीत नाही, पण गाडीत पंखा होता. तिची सगळी गोष्ट पाच मिनिटांत संपली आणि त्यातली तीन मिनिटे ती हसत होती. गाडी रस्त्याकडेला थांबवली, आतल्या डॉक्टरांनी बाळ छातीवर दिले, वर चादर घातली, आणि गाडी पुन्हा चालू लागली.

शेजारच्या काकूंचे सिझेरियन. त्यांची गोष्ट घ्यावी की नाही असा मला प्रश्न पडला होता, कारण अंगणातल्या बायकांच्या दृष्टीने 'पोट फाडणे' हे चांगल्या बाळंतपणात बसतच नाही. पण काकूंनीच मला हाक मारून बोलावले. बाळ पायाळू होते, आठ दिवस आधीच ठरले होते. सकाळी गेल्या, कमरेत सुई दिली, कमरेखालचे भान गेले पण शुद्ध होती, पडद्यापलीकडून रडणे ऐकू आले. डॉक्टरीणबाई शस्त्रक्रिया करताना आमच्या भागातल्या हळदीचा भाव विचारत होत्या. "टाके दुखले महिनाभर. खोटं कशाला सांगू? पण मी भ्याले नाही. मला सगळं आधी सांगितलं होतं." २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रात चारांतली एक बाळंतीण याच वाटेने मोकळी होते. ती सगळी सिझेरियन आवश्यक असतात का, हा वाद मोठा आहे आणि तो व्हायलाच हवा. पण चौथीला आपण काहीतरी कमी पडलो असे वाटायला लावण्यात कुणाचे भले आहे?

आता वहीतल्या बावीस नंबरच्या पानाविषयी. ती बाई माझ्या आईच्या वयाची. मी प्रश्न विचारला आणि ती म्हणाली, "लिही. माझं चांगलं झालं नाही." शहरातला मोठा दवाखाना, मोठी इमारत. लेकरू सुखरूप, तीही सुखरूप. पोस्टकार्ड पाठवले असते तर तीच ओळ लिहिली गेली असती. पण रात्रभर तिला एकटीला एका पलंगावर ठेवले. ओरडली तेव्हा मांडीवर चापट मारली आणि असे काही बोलले गेले की ते तिने नवऱ्यालाही आजवर सांगितलेले नाही. मला सांगितले. मी लिहिले नाही, तिने लिहू नको म्हटले म्हणून. मग मी भीत भीत विचारले, की काय झाले असते तर तुमचे चांगले झाले असते? मला वाटले ती म्हणेल की दुसरा दवाखाना, दुसरा डॉक्टर. तिने पुष्कळ वेळ विचार केला आणि म्हणाली, "माझं नाव कोणी विचारलं नाही. 'ए सात नंबर' म्हणत होते."

हे पान ताईला वाचून दाखवावे की नाही यावर मी दोन दिवस घालवले. वही तर तिचा धीर वाढावा म्हणून लिहिलेली. शेवटी वाचून दाखवले. ताई ऐकून घेऊन म्हणाली, "मग आपण आधीच सांगू, माझं नाव काय ते." त्या रात्री ती झोपली. मला हे अजून पुरते उमगलेले नाही. ऐकीव गोष्टींनी जिची झोप उडाली होती तिला ही खरी, कडू गोष्ट पचली. कदाचित ऐकीव गोष्टीत करण्यासारखे काही नसते आणि या गोष्टीत होते.

कॉलेजच्या ग्रंथालयात आणि इतरत्र मी थोडे वाचले तेव्हा आजीची सुईण किती शहाणी होती ते कळले. ग्रँट्ली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९३३ साली आणि पुन्हा १९४२ साली पुस्तके लिहून असे मांडले, की भीतीने शरीर आखडते, आखडल्याने वेदना वाढते आणि वेदनेने भीती वाढते. आजच्या शरीरशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर कळा आणणारे ऑक्सिटोसिन आणि भीतीच्या वेळी वाढणारे ॲड्रिनॅलिन यांचे आपसांत पटत नाही. डिक-रीड यांचे सगळेच काही पटण्यासारखे नाही. न भिणाऱ्या बाईला वेदनाच होत नाहीत असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ लोकांनी घेतला, आणि मग जिला वेदना होतात तिचाच दोष ठरू लागला. आमच्या अंगणात हे कोणी बोलले असते तर हळदीचा गड्डा डोक्यात बसला असता.

मला जास्त पटला तो ग्वाटेमालातला एक लहानसा अभ्यास. तो १९८० साली प्रसिद्ध झाला. तिथल्या रुग्णालयात पहिलटकरणींना एकटीने कळा सोसाव्या लागत. काहींच्या सोबतीला एक बाई दिली. ती डॉक्टर नव्हती, नर्स नव्हती, ओळखीचीही नव्हती. ती नुसती बसायची, हात धरायची, पाठ चोळायची, बोलायची. ज्यांना अशी सोबत होती त्या दाखल झाल्यापासून सरासरी नऊएक तासांत मोकळ्या झाल्या, नव्हती त्यांना एकोणीस तास लागले. पुढे निरनिराळ्या देशांत पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवर असे प्रयोग झाले. फरक एवढा मोठा दिसला नाही, पण दिशा तीच निघाली. सोबत असली तर बाळंतपण आपसूक होण्याचा संभव वाढतो, सिझेरियन कमी होतात, कळांचा काळ थोडा घटतो, आणि नंतर 'माझे वाईट झाले' असे म्हणणाऱ्या कमी असतात. भारत सरकारनेही २०१६ साली सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण आत राहू द्यावी असे ठरवले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली आणखी एक चांगली गोष्ट केली. गर्भाशयाचे तोंड दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे असा जो जुना दंडक होता, तो सगळ्यांना लागू नाही असे तिने सांगितले. कित्येक जणींचे शरीर सावकाश चालते, आणि आई व बाळ ठीक असतील तर त्यात बिघडत काही नाही. कळांच्या काळात हिंडावे, फिरावे, वाटेल तसे बसावे, धोका नसेल तर खावे-प्यावे, हेही सांगितले. मी हे आजीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग इतके दिवस काय सांगत होते?"

याच आजीने एक दिवस मला गप्प केले. मी ताईला आकडे सांगत होते. २००१ ते २००३ या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या, २०१८ ते २०२० मध्ये तो आकडा ३३ वर आला. म्हणजे तीन हजारांत एक. शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव जणी आता दवाखान्यात बाळंत होतात. ताईला बरे वाटत होते. आजी दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "त्या तेहतीस जणींच्या घरी कुणी हे वाचून दाखवलं का?"

आजीचे दुसरे लेकरू आठव्या दिवशी गेले होते. ते मला याच वहीमुळे कळले. त्याचे जबडे मिटले, अंग ताठ झाले, दूध ओढता येईना. पाचवीच्या रात्री सटवाईने कपाळी तेवढेच लिहिले होते, असे घरात सर्वांनी मानले. लक्षणे नाळेतून होणाऱ्या धनुर्वाताची वाटतात. तीच सुईण, तोच मायेचा हात. पण नाळ ज्याने कापली ते पाते उकळलेले असावे, आणि गरोदरपणी आजीला धनुर्वाताची सुई मिळालेली असावी, एवढ्यावर ते मूल वाचू शकले असते. माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. म्हणून जुन्या सुइणीच्या गोष्टी ऐकताना माझा ऊर भरून येतो, तरी ते दिवस परत यावेत असे मला वाटत नाही. हवे आहे ते तिचे बसून राहणे आणि उकळलेले पाते, दोन्ही.

ही दोन्ही एकत्र आणता येतात हे महाराष्ट्रानेच करून दाखवले आहे, आणि आपल्याला त्याचा विसर पडता कामा नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली नगर जिल्ह्यातील जामखेडला काम सुरू केले. पाटीही न वाचता येणाऱ्या खेड्यातल्या बायकांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले आणि त्या बायकांनी आपापल्या गावांतल्या गरोदर स्त्रियांची आणि लेकरांची काळजी वाहिली. १९७९ साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' उभी केली. ३९ गावांत तिथल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करून, जन्मलेल्या बाळाची घरीच काळजी कशी घ्यायची ते शिकवले. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जे फेरे घालतात त्याचे मूळ तिथे आहे. त्याही मागे जायचे तर आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. त्या अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधाला विषय घेतला तो प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. वर्गात आपण त्यांच्याकडे पहिली डॉक्टरीण म्हणून पाहतो. मला त्या आता आजीच्या शेजारी बसलेल्या दिसतात.

आमच्या आशाताईंनी वही चाळली आणि त्यांना एक उणीव दिसली. "सगळं चांगलं चांगलं लिहिलंस. निघायचं कधी ते लिहिलंच नाही." मग त्यांनी सांगितले आणि मी शेवटच्या पानावर तांबड्या शाईने लिहिले. अंगावरून रक्त जाणे, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडाला-हातांना सूज, ताप, झटके, पाणी गेले पण कळा नाहीत, पोटातले बाळ हलायचे कमी झाले. यातले काहीही दिसले तर सासूला विचारत, नवऱ्याची वाट बघत बसायचे नाही, १०८ लावायचा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन झाले तरी, २०११ पासून मोफत आहे. जेवण आणि गाडीसुद्धा. ताईला हे पान सर्वांत आवडले. ती म्हणाली, एवढ्या सातच गोष्टींना भ्यायचे असेल तर सोपे आहे. मी तर सत्तर गोष्टींना भीत होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, हळद शिजवणे चालू असताना, दुपारी तीनच्या सुमाराला ताईच्या कमरेत कळ उठली. आईने चहा केला. ताई अंगणात फेऱ्या घालू लागली आणि हळदवाल्या बायका पहिल्यांदाच गप्प बसल्या. मग ताकवाल्या काकू म्हणाल्या, "माझा बाळू झाला तेव्हा मी अशीच फिरत होते, अन् फिरता फिरता दोन भाकरी खाल्ल्या." काकूंनी ही गोष्ट मला वहीसाठी दिली नव्हती!

संध्याकाळी सरकारी दवाखान्यात गेलो. दारातच ताईने नर्सबाईंना आपले नाव सांगितले. त्यांनी जरा चकित होऊन पाहिले आणि त्यांचेही नाव सांगितले. आत एकच सोबतीण, आणि तीही अशी की जिने स्वतः बाळंतपण अनुभवले आहे, असा नियम. तेव्हा सत्तर पाने लिहिलेली मी बाहेर बाकावर, भाऊजींच्या शेजारी. आणि काही न लिहिलेली आई आत. नियम बरोबर आहे असे मला रात्री दोन वाजता पटले, कारण आतून ताईचा आवाज आला तेव्हा माझेच पाय लटपटले. भाऊजींनी मला पाणी दिले.

सोळा तास लागले. सकाळी सातला मुलगी झाली, दोन किलो नऊशे ग्रॅम. भाऊजींनी सासरी फोन लावला आणि मी कान देऊन ऐकत होते. ते म्हणाले, "बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत."

पाचव्या दिवशी मी ताईजवळ वही घेऊन बसले. तिच्या अंगाला ओव्या-शेपाचा वास येत होता, खोलीत शेकाची शेगडी होती, कोनाड्यात आजीने सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी मांडली होती. बाळीला जन्मतःची सुई टोचून झाली होती आणि आजीचा दोन्हींवर विश्वास होता. मी म्हटले, सांग. ताई म्हणाली की दुखले, फार दुखले, कुणी दुखत नाही म्हटले तर खरे मानू नकोस. पण दोन कळांच्या मध्ये काहीच दुखत नव्हते, हे तिला कुणी आधी सांगितले नव्हते. मध्येच एकदा तिला चक्क झोप लागली होती. आई पाठ चोळत होती आणि आईला मधूनमधून आजीच्या ओवीची सुरुवात आठवे, शेवट आठवेना. चार वाजता भूक लागली, नर्सबाईंना विचारले, त्या म्हणाल्या खा, आईने पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढला.

"आणखी?"

"आणखी तो लाडू खवट होता. ते पण लिही."